धुरपदाकाकूंनी लावलेला गाव

बहात्तरच्या दुष्काळात येडशीजवळच्या आमच्या टेकडीवरची सगळी झाडं चुलीत गेली. पुढं धुरपदाकाकूंनी तिथं रोपं लावली, पण पाणी घालायला कुणी मेलं फिरकेना. मग काकूंनी प्रत्येक रोपाला गावातल्या एकेका गड्याचं नाव दिलं आणि सांगितलं, "ज्याचं रोप वाळंल, त्याचं काय खरं न्हाय."

दुसऱ्या दिवशी टेकडीवर घागरींची रांग लागली.

सरपंच आबाराव तेवढे रुसले. "मला वड पायजे. सीताफळ का?"

"सीताफळाला शेळीबी तोंड लावत न्हाय. लई जगाल तुमी."

आबाराव खूश झाले. मात्र घरात भांडण झालं की त्यांची बायको मथुराबाई भरला तांब्या घेऊन टेकडीवर जायची, सीताफळाशेजारी बसायची आणि आबारावांच्या डोळ्यांदेखत पाणी स्वतःच पिऊन टाकायची.