सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या जातात

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, देवासमोर बसूनही नाही — तिथून तर मी दुसरंच काहीतरी मागून उठायची. आता सांगते आहे तेही मन मोठं झालंय म्हणून नव्हे. संतापाने सांगते आहे. मागच्या महिन्यात जुन्या विद्यार्थिनींनी माझा सत्कार केला. शाल दिली, आणि एकीने भाषणात म्हटलं की मॅडमनी आम्हाला बोलायला शिकवलं. मी मान खाली घालून हसले. नम्र वगैरे दिसले असणार. घरी आल्यावर ती शाल खुर्चीवर भिरकावली.

तर — जयपूर. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर झोटवाड्याच्या घरात आम्ही चौघं उरलो — आई, मी, धाकटा भाऊ सुधीर आणि त्याची बायको शैला. शैला अकोल्याची. मी विद्यापीठात इतिहास शिकवायची. लग्न केलं नव्हतं.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही काही जणींनी बायकांसाठी व्याख्यानं सुरू केली होती. डबे उघडायचे आणि खाता खाता ऐकायचं. कधी अंगात रक्त कमी असण्याबद्दल, कधी जुन्या कागदांत सापडणाऱ्या बायकांबद्दल, कधी वस्तीतल्या पाण्याबद्दल. प्राध्यापिका यायच्या, टायपिस्ट यायच्या, झाडू मारणाऱ्या दोघी दाराशी बसायच्या — आत बोलावलं तरी दाराशीच. तोंडाने विचारायची लाज वाटते म्हणून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात नाव न घालता चिठ्ठी टाकायची, मी ती मोठ्याने वाचायची, आणि विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उत्तर द्यायच्या. नियम माझा होता: सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या जातात, एकही गाळली जात नाही. दर बुधवारी मी तो ठणकावून सांगायची. फार अभिमान होता मला त्या नियमाचा.

आता घरातलं सांगायला हवं. किती वेळ बाहेरचंच सांगत बसणार?

लग्नाला पाच वर्षं झाली तरी शैलाला मूल नव्हतं. दोनदा क्युरेटिंग झालं. नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढले. त्या दिवशी ती रिक्षातून उतरली ती भिंत धरत धरत आत आली, आणि आईने पाणी द्यायच्या आधी विचारलं, काय निघालं? काहीच निघालं नव्हतं. हे 'काहीच नाही' आईला पुरेना. मग सोळा सोमवार, मग कोणाचा तरी अंगारा. आई तिला जे म्हणायची तो शब्द मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला तो माहीत आहे.

आणि मी? मी तिची बाजू घेणारी. घरात तशी माझी ख्यातीच होती. मीच सुधीरला म्हटलं, तूही तपासून घे. महिनाभर त्याने टोलवलं, मग गुपचूप राजा पार्कातल्या एका लॅबमध्ये जाऊन आला. रिपोर्ट आणायला लाज वाटली, म्हणून मी गेले. बाहेर येऊन एका चपलांच्या दुकानापुढे उभी राहिले आणि कागद उघडला. एका ओळीचं काम होतं. शुक्रजंतू नाहीत. कमी आहेत असं नव्हे — नाहीत. त्याने दुसऱ्या ठिकाणीही तपासून घेतलं. तेच आलं.

तो माझ्यासमोर बसून रडला. म्हणाला, "ताई, शैलाला कळता कामा नये. आईला तर नाहीच नाही." मी बरं म्हटलं. विचारही केला नाही. बरं म्हटलं आणि चहा टाकला.

त्यानंतर शैलाचं तिसरं क्युरेटिंग झालं. होऊ दिलं मी. दवाखान्यात सोबत मीच होते, तिची पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. राग येतोय वाचताना? येऊ द्या. कोणाला तरी यायलाच हवा होता, आणि तेव्हा त्या घरात तो कोणालाच आला नाही.

मग तो बुधवार. व्याख्यान माझंच होतं — मूल नसलेल्या राण्यांवर. इकडे जहागिरीला ठिकाणा म्हणतात. अशाच एका ठिकाण्याचे जुने कागद मी चाळले होते. एका ठाकुराने तीन लग्नं केली, मूल न होण्याचा दोष तिन्ही बायकांवर ठेवला, शेवटी दत्तक घेतला. पण त्या पुरुषाकडे कोणी बोट दाखवलं? काय तावातावाने बोलले मी त्या दिवशी! टेबलावर हात आपटला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत शैला होती. घरात कोंडून राहते म्हणून मीच तिला आणलं होतं. मांडीवर डबा उघडा होता आणि ती जेवत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

चिठ्ठ्यांचा डबा माझ्यापुढे आला. चार चिठ्ठ्या वाचून झाल्या. पाचवी उघडली. हिंदीत होती, पण अक्षर मी रोज वाणसामानाच्या यादीत बघायची. "क्या आजकल पति की भी जाँच होती है? कहाँ होती है?"

माझंच भाषण ऐकून तिला हे सुचलं होतं. डॉक्टरीणबाई शेजारच्या खुर्चीवर होत्या, अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन मोकळ्या झाल्या असत्या. मी चिठ्ठी दुमडली, रुमालात घातली आणि पुढची उघडली. ती अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबद्दल होती. ती मी अगदी स्वच्छ आवाजात वाचली.

शैलाने पाहिलं असेल का? परतताना बसमध्ये ती म्हणाली, "ताई, माझी चिठ्ठी डब्याच्या तळाशी राहिली वाटतं." मला सोडवत होती ती — कळतंय ना तुम्हाला? मग हळूच म्हणाली, "ह्यांनाही तपासता येतं का हो?"

इथवर मी फक्त गप्प बसले होते. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावत आले. पण त्या बसमध्ये मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, "सुधीरची तपासणी झाली आहे, शैला. रिपोर्ट मीच आणला. सगळं ठीक आहे त्याचं."

जीभ जराही अडखळली नाही. वर्गात शिकवते तसा आवाज होता माझा, आणि तिचा त्या आवाजावर विश्वास होता.

"मग माझंच असणार," ती म्हणाली. आमचा थांबा आला तेव्हा माझी डब्याची पिशवीसुद्धा तिनेच उचलली.

वर्षभरात घटस्फोट झाला. दोघांच्या संमतीने, असं कागदावर होतं. तिने कुठेही हरकत घेतली नाही. तिचे वडील न्यायला आले तेव्हा माझ्यादेखत त्यांना म्हणाली, "ह्या लोकांचा काही दोष नाही, बाबा." आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. सुधीरने दुसरं लग्न केलं. मूल झालं नाहीच — कुठून होणार? — आणि आईने तोच शब्द नव्या सुनेसाठी बाहेर काढला. मी तेव्हाही मूग गिळून बसले. बुधवारची व्याख्यानं मात्र चालू होती.

का केलं? भावाची माया, घराची अब्रू — म्हणायला पुष्कळ आहे. खरं एवढंच की शैलाला कळलं असतं तर मला घरात आईसमोर, सुधीरसमोर उभं राहून तिची बाजू घ्यावी लागली असती. टेबलावर हात आपटणं त्याहून सोपं होतं. टाळ्याही मिळायच्या.

आई गेली. सुधीरलाही जाऊन सहा वर्षं झाली. आता कोणाला झाकते आहे मी? शैला आहे. अकोल्यात भावाच्या घरी असते. मध्यंतरी तिकडची एक बाई सांगत होती, भाचीच्या ओटीभरणाला शैला आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसली, कोणी काही म्हणायच्या आत. गेली चाळीस वर्षं ती अशीच उठून आत जाते आहे, आणि तिच्यात काही म्हणजे काही दोष नव्हता.

तिचा पत्ता मला माहीत आहे. पत्र चार दिवसांत पोचतं. हे सगळं सर्वांत आधी तिला कळायला हवं होतं, आणि मी ते तुम्हाला सांगितलं आहे — तेही तिचं नाव बदलून.