चंद्रभागाबाईंची सतरा नावं

दौलत आणि मी एकाच कार्यालयात सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, माझी पाळी येत्या जूनमध्ये. हे लिहितोय ते मात्र त्याच्या बायकोबद्दल, चंद्रभागाबाईंबद्दल.

बाई तलमडुगूकडच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर आदिलाबादच्या त्यांच्या घरापुढच्या जागेत त्यांनी लिंबू, कढीपत्ता, तगर आणि पानफुटी लावली. फुलांसाठी किंवा स्वयंपाकासाठी नाही, अळ्यांसाठी. कोणती पाकोळी, म्हणजे फुलपाखरू, कोणत्या झाडावर अंडी घालतं, हे त्यांना पाठ होतं. व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळत ठेवायच्या आणि सकाळी भिंतीवर बसलेले पतंग पाहायच्या. फोटो काढायचा दौलतनं, नाव शोधायचं बाईंनी. नोंदवहीतले रकाने मी आखून दिले होते: तारीख, झाड, पंखाची वरची बाजू, खालची बाजू, नाव.

दौलतचा हात स्थिर होता, पण तो फार वेळ लावायचा. बाई मागून म्हणायच्या, "फोटो काढून राह्यले, का फुलाचं लगन लावून राह्यले? पाकोळी जैनथले पोचली तुमची!"

"तुले पायजे खालची बाजू," दौलत म्हणायचा. "तिनं पंख मिटल्याशिवाय मी काय करू? ती काय तुया वर्गातली पोरगी हाय?"

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. पाच आठवडे एक शब्द नाही. मैत्री, त्यांची मुलगी, हैदराबादहून येऊन पंधरा दिवस राहिली. "आई, माझं नाव सांग ना," म्हणून रोज उशाशी बसायची. बाई तिच्याकडे पाहत राहायच्या.

एप्रिलमध्ये एका सकाळी दौलत लिंबापाशी फोनवर काढलेला पाकोळीचा फोटो घेऊन आत गेला. बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं तो बाईंपुढे धरला. बाई स्पष्ट म्हणाल्या, "लिंबाळी."

त्यानं मला फोन केला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मला वाटलं, वहिनी गेल्या.

मग ती रोजची रीत झाली. सकाळी बागेत फिरायचं, नवा फोटो काढायचा, बाईंना दाखवायचा. "हळदीकुंकू." "बहुरूपी." जुना फोटो चालत नसे. तो दाखवला की बाई तोंड फिरवत. एकदा सांगितलेलं उत्तर पुन्हा काय विचारता, असा भाव असे. एका नावाची पाकोळी पुन्हा आली तर चाले, पण फोटो त्या सकाळचाच लागे. जुलै संपेपर्यंत सतरा नावं परत आली. त्यांच्यामागून दुसरे शब्दही येऊ लागले. लिंबाळी म्हटल्यावर एकदा "पाणी" म्हणाल्या. एकदा दौलतकडे पाहून "चहा."

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं, "ज्या वाटेनं शब्द येताहेत ती वाट बंद होऊ देऊ नका."

ऑगस्टमध्ये तपासणीसाठी चार दिवस नागपूरला जायचं होतं. घर राखायला आणि झाडांना पाणी घालायला दौलतनं धाकट्या भावाला, मारोतीला, बोलावलं. मारोतीची शेती जैनथकडे, कापूस आणि सोयाबीन. माणूस मायेचा. वहिनीनं त्याच्या दोन्ही मुलींना स्वतःच्या घरी ठेवून शिकवलेलं, ते तो विसरला नव्हता.

ते परत आले तेव्हा मी रिक्षातून बाईंना उतरवायला गेलो होतो. मारोती फाटकातच उभा होता, चेहऱ्यावर हसू.

"दादा, तुया लिंबाले पार अळी लागली व्हती. कढीपत्त्याले बी. बोटाएवढ्या हिरव्यागार! मी गावाकडून पंप आणला अन् दोन खेपा फवारून टाकलं. भिंतीवर बी पाखरं बसून राह्यले व्हते, तिथं बी मारलं. आता पाह्य, एक पान खाल्लेलं दिसनार नाही."

खरंच दिसत नव्हतं. कपाशीवरच्या औषधाचा वास फाटकापर्यंत येत होता. मेलेल्या अळ्या त्यानं झाडून नालीत टाकल्या होत्या. आमच्या मुलखात अळी दिसली की माणसाचा हात पंपाकडेच जातो. त्यात विचार करायचा नसतो.

दौलत लिंबाकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं केलं. बस, चहा ठेवतो."

मी नंतर विचारलं, "त्याला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, लक्ष्मणराव? सोताच्या वावरातली फवारणी सोडून आला अन् मायं झाड वाचवलं त्यानं."

त्यानंतर बागेत काही येईना. दौलत पहाटेची बस धरून पैनगंगेकाठी जाऊ लागला. तिथून फोटो आणायचा. पहिल्या दिवशी बाई एक नाव बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, मग खिडकीतून लिंबाकडे पाहिलं. सप्टेंबर संपता संपता नावं थांबली. "पाणी" गेलं, "चहा" गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा हलका झटका येऊन गेला असेल, खात्रीनं सांगता येत नाही. दौलतला खात्री होती. "चार दिवस घर सोडलं मी," एवढंच म्हणायचा.

मारोती दर आठवड्याला येई. एकदा त्यानं मला फाटकात गाठलं. "वहिनी काऊन बोलत नाही जी आता? मागं तर बोलत व्हती."

मी म्हणालो, "दुसरा झटका आला असं डॉक्टर म्हणतात." खोटं नव्हतं. पण घरी गेल्यावरही मला चैन पडेना.

आता लिंबाला नवी पालवी आली आहे आणि पाकोळ्या पुन्हा येऊ लागल्या आहेत. दौलत फोटो काढतो, दाखवतो. बाई पाहतात. बोलत नाहीत. म्हणून त्यानं एक युक्ती काढली आहे: तो मुद्दाम चुकीचं नाव सांगतो. तीस वर्षं शिकवलेली बाई चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणार नाही, असं त्याला वाटतं.

गेल्या रविवारी मी तिथेच होतो. फोटो लिंबाळीचा होता, तो तर मलाही ओळखता आला.

"हे हळदीकुंकू," दौलत म्हणाला. "बरोबर ना?"

बाईंनी फोन पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. तो वाट पाहत होता. पुढे वाकून.

बाईंनी मान डोलावली. बरोबर.