लेकीचं पुरळ आणि सुरगाण्याच्या सिस्टर

सुरगाण्याच्या सिस्टर बाळाच्या आधी आईला जोखत. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे त्या वजनकाट्यापाशी उभ्या असत आणि काटा स्थिर होईपर्यंत आईचा पुरता निकाल लावून मोकळ्या होत.

मी पहिल्यांदा गेले ती पाच महिन्यांच्या ईराला घेऊन. खोकल्यासाठी अँटिबायोटिक झालं आणि पाठोपाठ तिच्या जांघेत लालभडक पुरळ उठलं. मी डायपर उघडला, तसा पावडरचा ढग उठला.

"भाकरी थापायची होती का?" सिस्टर म्हणाल्या.

मी शिकलेली बाई. पावडर झाली होती, खोबरेल झालं होतं, शिवाय औषधाच्या दुकानातून 'सगळ्यावर चालते' म्हणून मिळालेली ट्यूबही झाली होती. ती मी अभिमानानं पुढे केली.

"सगळ्यावर चालती? मंग चपलेला बी लावा."

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. लाली दोन दिवस दबायची आणि बुरशी खाली मजेत वाढायची. "घडीत शिरलंय, कडेला बारीक दाणे हायत. ही बुरशी," सिस्टरांनी बोट दाखवलं. बुरशी, आणि माझ्या लेकीला! माझे डोळे भरून आले. "रडा खुशाल. पण तोवर डायपर काढून ठेवा. पोरीला जरा हवा लागंल."

ईरा दूधही मध्येच सोडून देत होती, वजन घटलं होतं. सोबत आलेल्या सासूबाईंच्या मते जिभेवर दुधाची साय धरली होती आणि ती मधानं चोळून काढायची होती. सिस्टरांनी ओल्या कापडानं हलकेच पुसून पाहिलं. पांढरं निघेना.

"साय असती तर निघाली असती, आजी. ही बी बुरशीच. खरवडाल तर रक्त येईल. आन् वर्षाच्या आत मध नाय."

सासूबाई "बरं बाई" म्हणाल्या. आमच्या घरात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलेले नव्हते.

डॉक्टरांनी तोंडात लावायचं औषध आणि पुरळावरचं मलम लिहून दिलं. निघताना सिस्टरांनी मला पडद्याआड नेलं. "पाजताना तुम्हाला दुखतं का?"

दुखायचं, सुया टोचल्यासारखं. आईपण असंच असतं, अशी समजूत करून मी दात आवळून पाजत होते.

"मंग सांगायचं कधी, पोरीच्या लग्नात?" असं म्हणत त्या डॉक्टरांकडून माझंही औषध लिहून घेऊन आल्या. "एकीनंच औषध घेतलं तर दोघी बुरशी एकमेकींना देत बसाल."

दोन आठवड्यांत ईरा पोटभर पिऊ लागली. मी पेढे नेले. सिस्टरांनी दोन खाल्ले आणि वरच्या दुधाच्या बाटलीचं निपल उकळता का, ते विचारलं.

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी ईराला लसीसाठी नेलं, तर त्या मात्र पडद्याआड एकट्याच बसल्या होत्या. गावी, सुरगाण्याला, तीन महिन्यांच्या नातवाचं तोंड आलं होतं आणि सून त्यांना दाखवायला तयार नव्हती.

"माझं बोलणं लागतं म्हणती. माझ्यासमोर पोराचं तोंड उघडतच नाय. तुम्ही बोला तिच्याशी."

मी तिथूनच स्पीकरवर फोन लावला. सून रडायलाच लागली. "ताई, दाखवलं असतं हो. पण आई काय काय बोलतील, याचीच भीती वाटती." आम्ही बराच वेळ बोललो. सिस्टर समोर बसून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सून बाळाला घेऊन जीपनं नाशिकला आली.

महिन्याभरानं मी सुरगाण्याला फोन केला. नातू बरा होता, सूनही बोलायला लागली होती.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"गप बसले," सिस्टर म्हणाल्या. "नोकरीत इतकी वर्षं काढली, पण एवढं अवघड काम कधी केलं नव्हतं."