‘येतो’चं बटण

मोनिकाचं काम कुणाला दिसत नाही. भाकरी दिसते, शिवलेलं पोलकं दिसतं. हिचं काम नीट चाललं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि बिघडलं तर अख्खी गल्ली दारात उभी राहते. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर आमचं चिमुकलं ऑफिस होतं. तिथं ती माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. मूळची देवगाव रंगारीची, शेतकऱ्याघरची. बोलणं मोजकं, पण एकदा कामाला चिकटली की मुंगळ्यासारखी, तुटेल पण सुटायची नाही.

आम्ही टँकरवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. लागोपाठ दुष्काळाची ती वर्षं. शहराला मात्र त्याचं काही नव्हतं. दौलताबादच्या रस्त्यानं प्लॉट पडत होते, घरं उठत होती, नळ तेवढे यायचे राहिले होते. घर बांधायची परवानगी देताना माणसाला तहान लागते हे कुणाला कसं आठवत नाही, देव जाणे. अशाच एका वसाहतीत मोनिका, तिचा नवरा सोमनाथ आणि सासू साळूबाई राहत.

कुठल्या गल्लीत कधी टँकर पाठवायचा हे आमचा संगणक ठरवायचा. त्याच्या पोटात होती रुबी या संगणकी भाषेतली एक लायब्ररी. म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, आपण उचलून वापरायचा. ही लायब्ररी कामाचा क्रम सांभाळायची: कशानंतर काय, कोणी कोणासाठी थांबायचं. लिहिणारा गृहस्थ कुठं परदेशात होता आणि त्यानं ती केव्हाच वाऱ्यावर सोडली होती. आम्ही ‘असेल माझा हरी’ म्हणत तीच रेटत होतो. मग रुबीची नवी आवृत्ती आली आणि लायब्ररी जागोजागी अडखळायला लागली.

“मी करते नीट,” मोनिका म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं ती ओळीओळीनं वाचली, जुनं काढलं, नवं घातलं. वाचताना तिला एक खोड सापडली. ड्रायव्हरनं मोबाईलवरचं बटण अवेळी दाबलं की जुनी लायब्ररी ते गुपचूप गिळून टाकायची. मोनिकाला हे आवडलं नाही. “गिळायचं कशाला? माणूस काही सांगतोय तर ऐकू दे की,” असं म्हणून तिनं ती खोड काढून टाकली.

आमचा संगणक येण्याआधी तिच्या गल्लीतल्या बायकांना पाण्यासाठी टँकरमालक सर्जेरावला फोनवर विनवण्या कराव्या लागत. मोनिकानं त्यांना सांगितलं होतं, आता कुणाच्या पाया पडायचं नाही, पाळी आली की टँकर आपसूक येईल. साळूबाईंनी ते गल्लीभर मिरवलं. “माझ्या सुनंनं शब्द दिलाय,” असं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

नवी लायब्ररी बसली आणि एकदा टँकर आला. पुढची पाळी कोरडी गेली. त्याच्या पुढचीही. सर्जेरावला फोन केला तर म्हणाला, “संगणकात टँकर वाटंवर दिसतोय, दुसरा कसा पाठवू?” शेजारची आवडाबाई रिकामा हंडा घेऊन दारात आली. “साळूबाई, तुझ्या सुनंच्या संगणकाला म्हणावं, आमालाबी पाणी पाज.” साळूबाईंनी स्वतःच्या माठातलं पाणी तिच्या हंड्यात ओतलं, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं.

“शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं,” मोनिका मला म्हणाली. जुनी लायब्ररी परत लाव म्हणावं तर ती नव्या रुबीवर चालेना. पोरगी स्क्रीनकडं बघत बसायची आणि स्क्रीन सांगायचा, टँकर वाटेवर आहे. मला तिची लई कीव आली आणि त्या परदेशी गृहस्थाचा उगाचच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना ती सवयीनं सासूला म्हणाली, “येते, आत्याबाई.” आणि तिचा पाय उंबऱ्यातच थांबला. निघाली होती ती, आणि म्हणत होती ‘येते’.

ऑफिसात आल्या आल्या तिनं त्या भागाच्या टँकरवरच्या बन्सीला फोन लावला. “बन्सीभाऊ, पाणी देऊन निघताना मोबाईलवर काय दाबता?”

“येतो दाबतो की, ताई.”

“अहो, ते टँकर भरून निघाल्यावर दाबायचं.”

“तवा तर दाबतोच. पर कुणाच्या दारातनं निघताना बी येतो म्हणावं लागतं ना? जातो कोण म्हणतं? आमी नाय त्यातले.”

बाकीचे ड्रायव्हर ‘पाणी दिलं’ एवढंच दाबून निघून जात. रीतभात पाळणारा एकटा बन्सी, आणि कोरड्या पडल्या त्या फक्त त्याच्या गल्ल्या. त्याचं निरोपाचं ‘येतो’ जुनी लायब्ररी गिळायची. नव्या लायब्ररीनं ते ऐकलं, खरं मानलं आणि टँकर वाटेवर आहे असं धरून बसली. मोनिका हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “भाऊचं काय चुकलं? ऐकू दे मीच म्हणले होते.”

जेवणाच्या सुट्टीआधी तिनं क्रम बदलला. पाणी दिल्यानंतरचं ‘येतो’ हा निरोप समजायचा. आणि गल्लीतल्या माणसानं ‘पाणी मिळालं’ दाबल्याशिवाय पाळी पुरी झाली असं धरायचंच नाही. त्यांच्या गल्लीत ते बटण साळूबाईंच्या फोनवर आलं.

संध्याकाळी मीही तिच्याबरोबर गेलो. टँकर आला, हंडे भरू लागले. बन्सीला घाई होती. “मावशी, दाबा की. पुढं बी गल्ल्या हायेत.”

“थांब. आवडाबाईचा हंडा राहिलाय.”

तो भरला. साळूबाईंनी पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. बन्सी गाडीत चढला, मोनिकाकडं बिचकून बघत म्हणाला, “बरं, जातो मावशी.”

“जातो काय म्हणतो रं? येतो म्हण.”

“येतो म्हणलं की तुमच्या सूनबाईचा संगणक फसतो.”

“आता नाय फसत,” साळूबाई म्हणाल्या, आवडाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं. “माझ्या सुनंनं त्याला मराठी शिकवलंय.”

बन्सी “येतो” म्हणून गेला. साळूबाई भरल्या हंड्यापाशी वाकल्या आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सुनेकडं बघून म्हणाल्या, “बघत काय उभी राहिली? धर एका बाजूनं.”