कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि तात्यांचा प्रश्न

लग्नाला सोळा वर्षं झाली आणि त्या सोळा वर्षांत माझ्या नवऱ्याने धारोष्ण दुधाचा विषय किती वेळा काढला याला गणती नाही. नाशकात आमच्याकडे कोणी पाहुणा आला, चहा पुढ्यात आला, की विलास सुरू होतो. "दूध प्यावं ते आमच्या कोल्हापुरात. म्हैस चौकात येते, समोर धार काढतात, फेसासकट ग्लास हातात. पिशवीतलं दूध म्हणजे काय दूध झालं?" गंमत अशी की त्याच पिशवीतल्या दुधावर आमचं घर चालतं. मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. त्यामुळे दरवर्षी सासरी गेले तरी ही धार काढतात त्या दूध कट्ट्यावर जायचं मी आजवर टाळत आले होते.

यंदा गोष्ट वेगळी होती. गेल्या वर्षी विलासचे सांधे धरले. आमवात निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या त्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. डॉक्टरांनी पथ्याच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, कच्चं दूध बंद. विलासने कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "धारोष्ण दूध कच्चं कुठे असतं? कच्ची असते ती कैरी," म्हणाला.

वर्षभर कोल्हापूर झालं नव्हतं. बोटं जरा सुटली तशी त्याने सुट्टी टाकली आणि निघण्याआधी मला अट घातली: "कट्ट्यावर माझ्या गोळ्यांचं नाव काढायचं नाही. तिथली माणसं मला तालमीत होतो तेव्हापासून ओळखतात." मी कबूल केलं. वर्षभर या माणसाच्या शर्टाची बटणं लावून देताना त्याचा चेहरा मी पाहिला होता, तेव्हा नाही म्हणवेना. मनात मात्र धाकधूक होती. त्या गोळ्यांवर असताना दुधातून एखादा जंतू पोटात गेला तर तो किती महाग पडेल हे आमच्या घरात मलाच नीट माहीत होतं.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. तुम्ही नाशिककडून जाणार असाल तर एवढ्याच लवकर निघा, चाकणची गर्दी चुकवायची तर दुसरा उपाय नाही. नारायणगावला मिसळ खाल्ली. पुण्याच्या बाहेरून निघून खंबाटकी चढलो तोवर प्रवास झकास होता. साताऱ्यापुढे मात्र रस्ता रुंदीकरणाने जागोजागी वळवलाय, तिथे दीड-दोन तास जादा धरा आणि फास्टॅग आधीच भरून ठेवा. गाडी मीच चालवत होते. कराडनंतर विलासने स्टिअरिंग मागून घेतलं. बोटं दुखत होती, तरी बायको गाडी चालवत कोल्हापुरात घेऊन आली हे त्याला परवडणारं नव्हतं. मीही पंचगंगेच्या पुलापर्यंत काही बोलले नाही.

उतरलो मंगळवार पेठेत, नणंदेकडे, म्हणजे आक्कांकडे. ज्यांना कोल्हापुरात नणंद नाही त्यांना स्टँडजवळ साध्या खोल्या हजार-बाराशेत मिळतात. अर्थात त्यांच्यासोबत आक्कांच्या हातचा पांढरा रस्सा मिळत नाही. तीन वाट्या प्यायले आणि चौथीला नको म्हटलं तर आक्का म्हणाल्या, "नाशकात खायला घालत न्हाईत व्हय तुला?" चौथीही प्यायले.

शनिवारी मी हट्ट धरला की ज्या म्हशीचं दूध प्यायचं तिचा गोठा आधी बघणार. विलासचे गवळी म्हणजे तात्या. सत्तरीचे, अंगाने काटक, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. विलास तालमीत जायचा तेव्हा रोज सकाळी त्यांच्याच म्हशीखाली ग्लास धरायचा. त्यांचा गोठा कळंब्याच्या तळ्याच्या अलीकडे, पेठेतून वीस मिनिटांवर.

"वैनी तपासणीला आल्यात जनू," तात्या मला बघून म्हणाले.

"तसंच समजा," मी म्हटलं.

"बगा की मग. लपवायजोगं काय न्हाय हितं."

मी खरोखरच बघितलं. सवय जात नाही. फरशी धुतलेली, शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब, सात म्हशी आणि सातही अंगाने चकाकणाऱ्या. तात्यांनी हात साबणाने धुतले, कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसली, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत घेऊन बघितल्या आणि टाकून दिल्या. हे आम्ही शेतकऱ्यांच्या शिबिरात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. खुंटाळीला प्लास्टिकच्या पिशवीत कागद लटकत होते. दर म्हशीचं रक्त डॉक्टरांकडून तपासून घेतल्याचे.

"हे कोणी सांगितलं करायला?" मी विचारलं.

"कोन सांगतंय? एकदा शिकलोय," तात्या म्हणाले आणि पुढच्या म्हशीकडे वळले.

परतताना विलास खुशीत होता. "बघितलंस? आता बोल." मी जे खरं तेच बोलले. इतका स्वच्छ गोठा मी फार थोड्या वेळा पाहिलाय, पण स्वच्छतेने धोका कमी होतो, जात नाही. ठणठणीत दिसणाऱ्या जनावराच्या दुधातही जंतू असू शकतो, आणि तो ना डोळ्याला दिसतो ना जिभेला कळतो. विलास खिडकीबाहेर बघत राहिला. "मी उद्या पिणार," एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी सहाला गंगावेशीतल्या कट्ट्यावर पोचलो. तुम्हाला कट्टा बघायचा असेल तर सकाळी लवकर जा. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, पुढ्यात वैरण, आणि अवतीभवती ग्लास घेऊन माणसं: तालमीतून घाम पुसत आलेली पोरं, मॉर्निंग वॉकवाले निवृत्त मास्तर, स्कूटरवर बसूनच हात पुढे करणारा एक वकील. ग्लासाला पन्नास रुपये आणि राजकारणावरची चर्चा फुकट. विलासला बघून सर्जेराव नावाचा त्याचा तालमीतला जोडीदार लांबूनच ओरडला, "आलास काय रं पावण्या. वरीसभर कुठं मेलतास?" विलासचा चेहरा असा उजळला की मी दिलेल्या शब्दाचं ओझं दुप्पट झालं.

तात्यांची एक रीत आहे, ती मला तिथेच कळली. नवा माणूस असो नाहीतर बऱ्याच दिवसांनी आलेला जुना, ग्लास हातात देण्याआधी ते विचारतात: पोट बरं हाय का, दवा कसली चालू हाय का, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का. अगदी चारचौघांत, खणखणीत आवाजात. लोक हसतात, तात्या हसत नाहीत. उत्तर आल्याशिवाय ग्लास सुटत नाही.

विलासला त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला काय होतंय तात्या." तात्यांनी धार काढली. ग्लास फेसाने भरला. विलासने हात पुढे केला आणि तात्या त्याच्या बोटांकडे बघत राहिले. आयुष्यभर धारा काढणारा माणूस, हात त्यांना वाचता येतात.

"मूठ वळ बगू," तात्या म्हणाले.

विलासने प्रयत्न केला. या दुखण्यात सकाळी बोटं सगळ्यात जास्त आखडलेली असतात. मूठ अर्ध्यावर थांबली. सर्जेरावचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"गोळ्या चालू हायत न्हवं?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी दिलेला शब्द पाळत होते, पण तोंड उघडायच्या बेतात होते हे कबूल करते. त्या क्षणाला मला फक्त भीती वाटत होती. मग तोच म्हणाला, "हायत. वरीस झालं. डॉक्टर म्हटलेत कच्चं दूध पिऊ नको."

तात्यांनी ग्लास मागे घेतला. "मग तुला न्हाय. उकळल्याबिगर न्हाय."

"तालमीतला गडी हाय त्यो, तात्या," सर्जेराव म्हणाला. "एका ग्लासानं काय हुतंय?"

"तालमीत हुता तवा म्याच पाजलंय की. तवा गोळ्या खात न्हवता." तात्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "मला ताप आलता, म्हाईत हाय का तुला? दिसभर बरा, सांज झाली की अंग तापायचं, कंबर धरायची. चार म्हैनं कुणाला कळंना. शेवटाला रगात तपासलं, तवा कळलं गोठ्यातनंच आलता. म्हस दिसायला एकदम झ्याक हुती. हा ताप घिऊन ह्यो नाशकाला गेला तर नाव कुणाचं जाईल? माझ्या म्हशीचं जाईल."

तात्यांनी तो ग्लास समोरच्या चहाच्या गाड्यावर पाठवला आणि सांगितलं, वेगळ्या पातेल्यात दोन उकळ्या आण. मग घडलं ते मी विसरणार नाही. सर्जेराव आणि बाकीच्या दोघांचे ग्लास भरलेले होते, फेस खाली बसत होता आणि फेस बसलेल्या दुधाला कट्ट्यावर किंमत नसते. तरी विलासचं दूध उकळून, निवून येईपर्यंत एकानेही ग्लास तोंडाला लावला नाही. मला त्या माणसांचा अभिमान वाटला. आणि त्याच्याहून जास्त विलासचा. चारचौघांत "हायत" म्हणायला त्याला जेवढा जोर लागला तेवढा आखाड्यातही कधी लागला नसेल.

तेवढ्यात तात्या माझ्याकडे वळले. "वैनी, तुमचं काय? पोट बरं हाय? दवा? दिवस?"

तिन्हीला नाही म्हटलं आणि ग्लास माझ्या हातात आला. आता मी काय करणार याकडे अख्खा कट्टा बघत होता. मी चार घोट प्यायले. दूध अंगाच्या उबेइतकं गरम, गोड आणि दाट, आणि मागे ओल्या वैरणीचा किंचित वास. उकळताना यातलं काय जातं ते मला त्या दिवशी जिभेवर कळलं. विलास सोळा वर्षं जे सांगत होता ते चवीपुरतं शंभर टक्के खरं आहे.

चवीपुरतं. कारण हा ब्लॉग वाचून कोणी कट्टा गाठणार असेल तर बाकीचंही सांगायला हवं. उकळल्याने एक-दोन जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम शाबूत राहतात. धारोष्ण दुधाने ताकद दुप्पट होते, दमा जातो वगैरे जे ऐकू येतं त्याला मला कधी आधार सापडलेला नाही. उलट क्षयापासून तात्यांच्या तापापर्यंत बरंच काही त्या फेसातून येऊ शकतं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि विलाससारख्या गोळ्या घेणारे यांनी चवीचा विचारही करू नये. मी प्यायले ते सगळं माहीत असून, आणि नंतर महिनाभर रोज संध्याकाळी ताप मोजत बसले. काही झालं नाही. याचा अर्थ पुढच्या वेळीही होणार नाही असा नाही, म्हणून पुढच्या वर्षी मीही उकळलेलंच घेणार आहे.

सोमवारी परतलो. पूर्ण रस्ता मी गाडी चालवली आणि पंचगंगेचा पूल ओलांडतानाही विलासने स्टिअरिंग मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी उठले तर तो स्वयंपाकघरात पातेल्यासमोर उभा होता, दूध वर आलं की गॅस बारीक करत.

गेल्या रविवारी आमच्याकडे त्याच्या ऑफिसातले कुलकर्णी आले होते. चहा पुढ्यात आला आणि विलासने घसा साफ केला. झालं, आता फेसाची गोष्ट, म्हणून मी आत निघाले, तर मागून ऐकू आलं: "दुधातलं कळावं तर आमच्या कोल्हापूरकरांनाच. तुमच्याकडे कुठलाही गवळी कोणालाही दूध विकेल. आमच्या तात्यांनी भर कट्ट्यावर माझ्या हातातला ग्लास काढून घेतला."