सासूबाईंचं कुंकू

सासूबाईंचं विसरणं मिठापासून सुरू झालं. आमटीत दोनदा, नाहीतर मुळीच नाही. मग त्या माणसं विसरू लागल्या, आणि शेवटी सासरे वारलेत हेच विसरल्या. सासऱ्यांना जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. एका सकाळी न्हाऊन बाहेर आल्या त्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. तेही माझ्या करंड्यातलं.

माझे यजमान तेव्हा गलबतावर तांडेल होते, नारळ भरून मालवणहून मुंबईकडे जायचे. नवरा दर्यात आणि विधवेचं बोट बायकोच्या करंड्यात!

"आये, ता पुसा आदी," मी ओरडलेच.

"सवाष्णीक पूस म्हणतंस? जीभ झडो तुजी," असं म्हणून त्या शांतपणे तुळशीला पाणी घालायला गेल्या. वाटेवरून जाणाऱ्या दोघी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थबकून बघत राहिल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी करंडा तांदळात पुरून ठेवला. तिथून खरे हाल सुरू झाले. त्या सगळं घर धुंडाळायच्या आणि मग बाहेर पडायच्या. आमच्याकडे अंगणाच्या तोंडाला बेडं असतं, आडवे बांबू सरकवून उघडायचं. ते मी सुंभाने आवळून बांधायची. पण जन्मभर सुंभ वळलेले हात त्यांचे, माझ्या गाठी त्यांना काय अडवणार!

एकदा तिन्हीसांजेला बेडं उघडं दिसलं. घराखाली खाडी, आणि तिला भरती लागलेली. मी लुगडं खोचून धावले. पलीकडे नेणाऱ्या तरीच्या, होडीच्या वाटेवर सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, एक तळवा कपाळावर घट्ट दाबून.

"खंय चललात?" मी त्यांचा दंड धरला.

"बाजारात. घरात कुंकू नाय. ते येतले, माका अशी बघतले."

घरी येईपर्यंत त्यांनी तळवा काढला नाही. लाज त्यांनाही वाटत होती, माझ्याहून जास्तच.

मी करंडा काढला आणि माझ्या बोटाने त्यांना कुंकू लावलं. "दिवेलागणीक सवाष्णीन उंबरो ओलांडूचो नाय," असं मलाच बजावून त्या पडवीत बसल्या. आणि खरंच, कपाळ भरलेलं असलं की त्या घर सोडत नसत. नवऱ्याची वाट बघायची ती घरातच. मग मी रोज सकाळी त्यांना कुंकू लावायची आणि मागच्या दारी जाऊन रवळनाथाला गाऱ्हाणं घालायची, की बाबा, माझा माणूस सुखरूप ठेव.

पण लाजेने मला काही सोडलं नाही. कुणी येताना दिसलं की त्यांचा पदर पुढे ओढायची, नाहीतर त्यांना माजघरात नेऊन बसवायची. "सून सासयेक नटयता," असं पाणवठ्यावर बायका माझ्या तोंडावर बोलत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलवेनासं झालं. त्या दिवसांत मी आत बसून सुपारी कातरत राही आणि उगाच भांडी आपटी.

आणि एका चैत्रात शेजारच्या मोठ्या घरची वहिनी बोलावणं घेऊन बेड्यापाशी आली. मला इतका हर्ष झाला की काही सुचेना. सासूबाई समोरच पडवीत बसलेल्या. वहिनी बांबू सरकवत होती. मी ओल्या हाताने सासूबाईंचं कपाळ पुसून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्या लाल झालेल्या हाताकडे त्यांनी पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "गेले?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, बांगड्या फोडायला. त्या हातांत कितीतरी वर्षं बांगडीच नव्हती.

वहिनी अंगणात उभी होती. मी धावत जाऊन करंडा आणला आणि तिच्या देखत त्यांना कुंकू लावू लागले. "नाय गो आये, ते बाजारात गेलेत. येतले आता." घाईत कुंकू नाकावर सांडलं. वहिनी मागे फिरली.

सासूबाईंनी हात मागे घेतले नाहीत.