लॅकरच्या डब्यात लाख नाही

मंडळी, आज धुळ्यात रंगाच्या दुकानात गेलो होतो. जुन्या कपाटाला लाखेचं पॉलिश करायचं होतं. दुकानदाराने लॅकरचा डबा पुढे केला.

"यात लाख आहे ना?" मी विचारलं.

तो हसला. "काका, लाख कुठून आली? लॅकर म्हणजे लॅकर. सगळं केमिकल."

अरे बाबा, हे नाव लाखेवरूनच पडलंय, असं सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगू, आता थकलो. डबा तसाच परत सरकवला.

ऐंशीच्या दशकात मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका पोस्टात कारकून होतो. विम्याच्या पार्सलवर गाठीगाठीला लाख वितळवून पितळी शिक्का मारायचा. शिक्का आधी ओला करायचा, नाहीतर तो लाखेलाच चिकटतो. चटक्याचा डाग अंगठ्यावर अजून आहे.

एकदा पाड्यावरची एक बाई खिडकीशी आली. बोरीच्या फांद्यांवरची लाख खरवडून ती बाजारात विकायची. माझ्या हातातली लाखेची कांडी बघून म्हणाली, "भाऊ, हाई ते आमनी बोरीवरनी लाख शे. पन हिना वास कथा गया?"

मी हसलो होतो. "वास कुठे गेला म्हणून काय विचारता, बाई? ही सरकारी लाख. झाडावर येत नाही."

तिने लाखेने लाल झालेली नखं पदराखाली घेतली आणि ती निघून गेली. त्या कांडीतही झाडावरचीच लाख असते, हे मला फार पुढे कळलं.

तुम्ही कधी कोणाला असं हसला असाल, तर ते माणूस आठवतं का हो? मला आज आठवलं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना माझा अंगठा मुठीत होता.